दोरावरची ओली गोणी

मी आज जो काही आहे तो नाखवामुळे आहे. आधी वडिलांचं नाव घ्यायला हवं, हे मला कळतं. पण वडील असते तर त्यांनीच मला दटावून नाखवाला पुढे बसवलं असतं.

होडीच्या मालकाला आमच्याकडे नाखवा म्हणतात. या नाखवांची स्वतःची होडी मी त्यांना ओळखू लागण्याआधीच गेली होती, नाव तेवढं मागे राहिलं होतं. आगरदांड्याच्या जेट्टीपासून आत, खाडीच्या एका फाट्यावर ते राहत आणि दुसऱ्यांच्या होड्या ओढून काढत. ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्या, इंजिन बंद पडून खाजणातल्या खारफुटीत शिरलेल्या होड्या, पावसाळ्याआधी किनाऱ्यावर घ्यायच्या होड्या. आमची भातशेती आत, म्हसळ्याकडच्या डोंगराच्या पोटात. भात झोडून झालं की वडील चार महिने खाली खाडीवर यायचे आणि नाखवाच्या दोरावर राबायचे.

मी दहावी झालो तेव्हा आमच्या घरात दहावी झालेला मी पहिलाच होतो. पुढे विज्ञान शिकायचं तर समुद्राकडे उतरावं लागणार होतं, आणि तिथे राहायचं कुठे हा प्रश्न होता. वडिलांनी नाखवासमोर तो प्रश्न कसाबसा, जमिनीकडे बघत मांडला. नाखवा म्हणाले, "माळ्यावर जाळी हायत. त्यांच्यात झोपंल का तुजा पोरगा?"

मी दोन वर्षं जाळ्यांत झोपलो. अंगाला येणारा तो वास कॉलेजात सगळ्यांना यायचा. माझ्या बाकावर दोन वर्षं कोणी बसलं नाही.

नाखवा प्रेमळ नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रुतलेल्या एका होडीवरून दोराचं टोक आणायला पाठवलं. पंधरा पावलांवर मी मांडीपर्यंत खाली गेलो. भरती लागली होती. नाखवा काठावर बिडी ओढत उभे होते आणि बाकीचे गडी हसत होते. मी जितका पाय उपसायचा प्रयत्न करी, तितका चिखल घट्ट धरी. पाणी छातीला लागलं तेव्हा मी रडायला लागलो. मग कुठे नाखवा फळी घेऊन आले. एक गुडघा फळीवर, दुसरा पाय चिखलात मारत ते असे सरकत आले की जणू खाली तेल ओतलंय. माझ्या पायालगत त्यांनी एक बांबू खुपसला, हलवला, आणि चिखलाने एक ढेकर दिली. पाय सुटला.

"त्याला वारा दे, मंग तो सोडतो," ते म्हणाले. "आता इसरणार न्हाईस."

विसरलो नाही. पुढे माझी नोकरी त्याच एका वाक्यावर उभी राहिली.

दुसरा धडा दोराचा. एकदा होडी ओढताना मी ताणलेल्या दोराच्या समोर उभा राहिलो. नाखवांनी मला कानाखाली वाजवली आणि काम थांबवलं. मग एक केळीचा खांब तोडून आणला, मी उभा होतो त्याच जागी चिखलात रोवला, आणि एक जुना नायलॉनचा दोर मुद्दाम तुटेपर्यंत विंचच्या रहाटावर ओढला. दोर तुटला तो दिसलाच नाही. दिसला फक्त केळीचा खांब, कमरेतून दोन तुकडे झालेला. नंतर त्यांनी तसाच दुसरा दोर घेतला, त्यावर मधोमध एक पोतं खाडीच्या पाण्यात बुचकळून टाकलं आणि तोही तोडला. या वेळी दोर पोत्याच्या वजनाने जागच्या जागी खाली पडला. साप मारल्यावर पडतो तसा.

त्यांच्या हाताखाली ओली गोणी टाकल्याशिवाय दोर कधी ताणला गेला नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या दोरावर कोणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, दुसरे सांगत, आणि सांगितली की ते उगाच खाकरत.

बदल्यात मी त्यांना एकच गोष्ट दिली. त्यांना सही करायला शिकवलं. अख्खा पावसाळा गेला त्यात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवशी वडील तापाने पडले होते, म्हणून पालक म्हणून नाखवा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. फॉर्मवर सही करायला त्यांना इतका वेळ लागला की मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, "काका, चित्र काढताय का?" लोक हसले. नाखवांनी मान वर केली नाही. शेवटच्या अक्षराचा काना ओढून झाल्यावर मग पेन खाली ठेवलं.

आणि त्याआधी, प्रवेशपरीक्षेच्या दिवशी, फाट्यावरचा साकव रात्रीच्या उधाणाने वाहून गेला होता. पलीकडच्या काठावर अलिबागची बस. ओहोटी होती, पण मध्ये नुसता चिखल. नाखवांनी मला फळीवर पालथं झोपवलं, माझे बूट स्वतःच्या गळ्यात अडकवले आणि उजव्या पायाने चिखल मारत मला पलीकडे नेऊन सोडलं. माझ्या पांढऱ्या शर्टावर एक शिंतोडा पडला नव्हता. ते मात्र कपाळापर्यंत काळे झाले होते. म्हणाले, "नापास झालास तर याच रस्त्यानं परत ये."

मी पास झालो. इंजिनिअर झालो. वडिलांनी ते पाहिलं, आणि वर्षभरात ते गेले.

नोकरी लागली ती नवी मुंबईतल्या एका खाजगी कंपनीत. कंपनीकडे काम आलं होतं पुढच्या काळातल्या लष्करी हॉवरक्राफ्ट तुकड्यांचं. हॉवरक्राफ्ट म्हणजे खाली रबरी झालर असलेलं वाहन. झालरीत हवा कोंडायची आणि त्या हवेवर तरंगत पाणी, वाळू, चिखल यांवरून सारखंच धावायचं. बाकीचे इंजिनिअर ते वाहन धावावं कसं हे काढत होते. आमच्या लहानशा विभागाकडे उलटा प्रश्न होता. ते बंद पडलं तर? शत्रूच्या समोर, ओहोटीच्या चिखलात, आत माणसं बसलेली असताना पंखा थांबला आणि ते पोटावर बसलं, तर त्याला कोण आणणार, कशाने आणणार आणि किती मिनिटांत? फिरतं वर्कशॉप, झालरीचे सुटे तुकडे, विंच, दोर, माणसांच्या जागा, हाताच्या खुणा, हे सगळं आम्ही लिहीत होतो. त्याला आम्ही सुटकेची कवायत म्हणायचो.

आमचे प्रमुख उंच, नीटनेटके, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांची निर्दयता त्यांच्या स्वच्छतेत होती. माझ्या इंग्रजीतली चूक ते सगळ्यांसमोर दोनदा वाचून दाखवत, एकदा चुकीची आणि एकदा दुरुस्त केलेली, आणि मग माझे आभार मानत. मला मुलाखतीत निवडण्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाकी सगळ्यांना यंत्र माहीत आहे. तुला चिखल माहीत आहे."

खऱ्या वाहनाच्या वजनाचा एक लोखंडी सांगाडा, खऱ्या झालरीसह, खाडीच्या चिखलात नेऊन बसवायचा आणि बाहेर काढायचा, असा सराव ठरला. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी नाखवाच्या फाट्याच्या पुढची जागा सुचवली. पहिल्या दिवशी आमचं विंच अर्धा तास ओढत राहिलं आणि सांगाडा वीतभरही हलला नाही. झालरीचा घेर चिखलाने भरला होता आणि चिखलाने तो धरून ठेवला होता. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, इथे एक माणूस आहे.

नाखवांना पास मिळाला. त्यावर 'स्थानिक मजूर' असं छापलं होतं. तो घेताना त्यांनी वहीत सही केली, सगळा वेळ घेऊन. पिवळं हेल्मेट आणि चमकत्या पट्ट्यांचं जाकीट मिळालं, ते घालून ते दोन दिवस जेट्टीवर उगाच जाऊन आले. आमच्या पोरांनी त्यांना 'चीफ' म्हणायला सुरुवात केली, थट्टेने. नाखवांना ती थट्टा आहे हे कळत होतं, तरी आवडत होतं.

त्यांनी बांबू मागवले. झालरीखाली कुठे खुपसायचे, कुठून हलवायचे, किती थांबायचं ते दाखवलं. बांबूच्या जागी मी पोकळ नळ्या बसवल्या आणि त्या बाहेरच्या ब्लोअरला जोडल्या. नळ्यांतून हवा गेली, चिखलाने ढेकर दिली आणि सांगाडा सुटला. प्रमुखांनी माझा हात हातात घेतला. ही कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नाखवा समोर उभे राहून हसत होते. त्यांना वाटलं, माझं कौतुक होतंय. ते खरंही होतं.

ओली गोणीही कवायतीत आली. सातवी पायरी: दोर ढिला असताना त्यावर मधोमध ओली गोणी टाकणे, मग ताण देणे. मी ती अभिमानाने इंग्रजीत लिहिली होती.

वर्दीतले पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार ठरलं. कवायत बारा मिनिटांत संपायला हवी होती. आमची तेराला टेकत होती. दोर ढिला करा, माणूस पाठवा, गोणी टाका, माणूस परत येऊ द्या, यात जवळजवळ एक मिनिट जात होतं. बैठकीत प्रमुखांनी सातवी पायरी वाचली. कोणी तरी हसलं. उद्याच्या लढाईची तुकडी, आणि तिच्या दोरावर कांद्याचं पोतं, असं काही तरी ते होतं. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं की यासाठी तयार मिळणारी जाड चादर असते ना, ती का नाही. मी म्हणालो, मागवता येईल, पण प्रात्यक्षिकानंतरच मिळेल. "मग प्रात्यक्षिकापुरती ही पायरी नको," ते म्हणाले. "तुला चालेल ना? कवायत तुझी आहे."

मला चालेल का म्हणून विचारणारे ते पहिले साहेब होते. मी स्वतःच्या पेनाने ती ओळ खोडली.

नाखवांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं ते वेगळंच. प्रमुखांनी सुचवलं होतं की पाहुण्यांच्या नजरेत तो म्हातारा नसलेला बरा. म्हणून प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी नाखवांना आडोशाला बांधलेल्या ताडपत्रीच्या मागे नेलं आणि म्हणालो की आज तुम्ही इथेच बसायचं, पुढे यायचं नाही, ताण दिलेल्या दोराजवळ तर अजिबात नाही.

"माज्याच दोराला मी नको?" ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "बरं. तुजी परीक्षा हाय."

बसायला काही नव्हतं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली एक रिकामी गोणी अंथरली.

पाहुणे मांडव्याला बोटीने उतरून गाड्यांनी आले. त्यांच्यासाठी चिखलाच्या कडेला लाल सतरंजी आणि खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या एका हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं आणि दुसऱ्या हातात लाल निशाण. कवायत चालू असताना ती थांबवायचा अधिकार त्या जागेवर फक्त माझा होता. निशाण वर गेलं की विंच बंद, असा मीच लिहिलेला नियम.

सगळं सुरेख चाललं होतं. नळ्या गेल्या, ब्लोअर सुरू झाला. नऊ मिनिटांत दोर ताणला गेला. चिखलाने अजून पुरतं सोडलं नव्हतं, थोडं थांबायला हवं होतं, ते मला पायाखालून कळत होतं. पण घड्याळ माझ्या हातात होतं. आम्ही अकरा मिनिटांत काढणार होतो.

तेव्हा मला नाखवा दिसले. ताडपत्रीमागून त्यांना दोर दिसला होता, त्यावर गोणी नव्हती. पोरं विसरली, असंच त्यांना वाटलं असणार. गोणी कोणी मुद्दाम काढून टाकील, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बसलेली गोणी त्यांनी उचलली होती, खाजणातल्या पाण्यात बुडवली होती आणि ती खांद्यावर टाकून ते दोराकडे पळत होते. ओरडत होते, पण ब्लोअरच्या आवाजात तोंड हलताना फक्त दिसत होतं. ते माझ्याकडे बघून ओरडत होते.

मी निशाण वर केलं नाही. करणार होतो. घड्याळ दहा मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं. सांगाड्याचं एक टोक उचललं होतं, आता सुटेल असं वाटत होतं, आणि खुर्च्यांवरचे पाहुणे पुढे झुकले होते. हे सगळं मी एका श्वासात पाहिलं आणि त्या श्वासापुरता थांबलो.

नाखवांनी गोणी फेकली, ती दोरावर अर्धी पडली, आणि दोर तुटला.

अर्धी पडली होती म्हणून तो खालून आला. तशी पडली नसती तर विंचजवळ उभ्या असलेल्या आमच्या दोन माणसांच्या छातीवर गेला असता. ते दोघे आजही कामावर आहेत. दोर नाखवांच्या उजव्या पायाला गुडघ्याच्या वर लागला. केळीच्या खांबाचं मी सांगितलंच आहे.

पाहुण्यांना गाड्यांकडे नेण्यात आलं. एकाच्या बुटाला चिखल लागला होता, त्यावर बाटलीतलं पाणी ओतणारा माणूस मला आठवतो. प्रमुखांनी हळू आवाजात ताडपत्री आणायला सांगितली, आणि ती नाखवांवर नव्हे, शेजारच्या रक्तावर घातली. माझ्या हातातलं घड्याळ चालूच होतं. ते मी अलिबागच्या इस्पितळात गेल्यावर बंद केलं.

तिथून नाखवांना पनवेलला हलवलं. पाय वाचला नाही. इस्पितळाचं सगळं कंपनीने पाहिलं. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

चौकशी आमच्यातच झाली. प्रमुखांनी मला चहा मागवला. कवायतीत दोष निघाला तर आमचा विभाग बंद होईल, नऊ जण घरी जातील, आणि तुझ्यासारख्याला, ते म्हणाले, हे दार पुन्हा कोणी उघडणार नाही. ते हे धमकी म्हणून सांगत नव्हते, माझ्या काळजीने सांगत होते. मग फोटो पुढे सरकवले. एका फोटोत चिखलात पडलेली गोणी स्पष्ट दिसत होती. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "जागेवरचा कचरा."

त्यांनी तसं लिहून घेतलं. खाली मी सही केली. ती करायला मला अजिबात वेळ लागला नाही.

महिन्याभराने मी नाखवांना भेटायला गेलो. दारात त्यांची सून धान्य पाखडत होती. तिने सूप खाली न ठेवता मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या. अर्धे ठेवलेत तुमच्यासाठी."

नाखवा ओसरीवर खाटेवर बसले होते. चादर उजव्या बाजूला सपाट होती. त्यांनी आधी विचारलं, विंचजवळची ती दोघं बरी हायत ना. मग माझी नोकरी चालू आहे का, ते विचारलं. दोन्हींना मी हो म्हणालो.

सूनच मध्ये बोलली. फाट्यावर आता सगळे म्हणत होते की म्हातारा शहाणपणा करायला दोरात घुसला. साहेबलोकांसमोर मिरवायला गेला. त्या जाकिटाने डोकं फिरलं त्याचं. या महिन्यात एकही होडी त्यांच्याकडे आली नव्हती, सगळ्या दिघीच्या बाजूच्या माणसाकडे जात होत्या. जो स्वतः दोराखाली आला त्याच्या हातात होडी कशाला द्यायची, असं तोंडावर सांगून लोक गेले होते. तिने हे सगळं सासऱ्यासमोर सांगितलं, आणि शेवटी, "खरंच आहे ना," असंही म्हणाली.

नाखवांनी तिला थांबवलं नाही. ती आत गेल्यावर ते म्हणाले, "पाय गेला त्याचं काय न्हाय. होडी ओढाया तोंड लागतं, पाय न्हाय. बसून सांगीन मी. पण आईकंल कोण?"



"तुज्या कागदावर लिही," ते म्हणाले. "नाखवा गोणी घेऊन चालला व्हता. येवढंच. तुमचा शिक्का मार. मी तो जेट्टीवर लावीन."

"लिहितो," मी म्हणालो.

"इंग्रजीत नको. मराठीत लिही. सून वाचंल, मोठ्यानं."

मी पुन्हा लिहितो म्हणालो. उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात पूर्वीसारखाच होता.

"तुज्या हातात लाल कापड व्हतं," ते म्हणाले. "तू मला बघितलास."

त्यांनी हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तरी मला उत्तर देता आलं असतं. मी चपला शोधू लागलो. बराच वेळ त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं असावं. मग आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितला, माझ्यासाठी, साखर जास्त घालून. मला तशी लागते, हे त्यांच्या लक्षात होतं.

तो चहा मी प्यायलो.

ऑफिसात परतल्यावर मी प्रमुखांना एवढंच विचारलं, की त्या माणसाला एक पत्र द्यायचं का, त्याची तशी इच्छा आहे. मला वाटलं होतं पुढचं मी हळूहळू बोलेन. प्रमुख म्हणाले, चांगली आठवण केलीस, त्याला पत्र गेलंच पाहिजे, नाही तर हे प्रकरण लोंबकळत राहील. काय लिहायचं ते त्यांनी मुद्द्यांनी सांगितलं. "तू मराठीत लिही," ते म्हणाले. "तुमची भाषा तुला चांगली येते."

ते खरं होतं. शाळेत असताना अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरत नसे.

पुढचं थोडक्यात सांगतो. जाड चादर आली. कवायतीच्या पक्क्या पुस्तकात सातवी पायरी परत बसली, चादरीच्या इंग्रजी नावाने, आणि ती सुचवणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. हॉवरक्राफ्टच्या तुकड्या जेव्हा उभ्या राहतील तेव्हा ताणलेल्या दोरासमोरची माणसं त्यामुळे वाचतील. मी कायम झालो. फाट्यावर मी पुन्हा गेलेलो नाही. नाखवा हयात आहेत, खाटेवर असतात, एवढं कानावर येतं. होड्या दिघीकडेच जातात.

मी हे आज लिहितोय. त्यांनी मागितलेलं वाक्य यात आहे, पण यावर शिक्का नाही आणि हे जेट्टीवर लागणार नाही. शिक्का होता तो त्या पत्रावर. ते खाली देतो, त्यांचं आणि सहीखालचं माझं, अशी दोन्ही नावं तेवढी काढून. त्याचा मसुदा प्रमुखांनी बदलला नाही. आभाराचं वाक्य मुद्द्यांमध्ये नव्हतं, ते मी माझ्या मनाने घातलं.

*

प्रति,
श्री. ——— यांस

विषय: प्रात्यक्षिकाच्या जागी झालेल्या घटनेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर घटनेची चौकशी पूर्ण झाली आहे. ताणलेल्या दोराच्या क्षेत्रात जाण्यास मनाई असताना, व तशी सूचना त्याच दिवशी सकाळी आपणांस समक्ष देण्यात आलेली असताना, आपण कोणतेही काम नेमून दिलेले नसताना स्वतःच्या मर्जीने त्या क्षेत्रात प्रवेश केला, असे चौकशीअंती आढळून आले आहे. त्या वेळी आपल्या हाती कामाचे कोणतेही साधन असल्याची नोंद नाही.

कामाच्या पद्धतीत कोणताही दोष आढळून आलेला नाही.

कामाच्या जागी येण्याची आपली परवानगी रद्द करण्यात येत आहे. आपणांस देण्यात आलेला पास, हेल्मेट व जाकीट पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत जमा करावे. या विषयावर यापुढे पत्रव्यवहार केला जाणार नाही.

आपण केलेल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

सोबत पोचपावती जोडली आहे. तिच्यावर अंगठा उठवून ती परत पाठवावी.

आपला,
सहायक अभियंता, सुटका विभाग